डावीकडचा ब्रेक

“ताई, आधी खाली बघा, मग बोला,” असं म्हणून मकसूदने गाडीतली डावीकडची चटई उचलली.

नंदाताई वाकल्या. गुडघ्याने नेहमीप्रमाणे हरकत घेतली, ती त्यांनी नेहमीप्रमाणे फेटाळली. चटईखाली गाडीचा पत्रा दिसायला हवा होता. दिसली ती गॅरेजची तेलकट जमीन. चांगलं तळहाताएवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा बोट लावताच पापडासारख्या मोडत होत्या.

“उंदीर?” त्यांनी विचारलं.

“गंज, ताई. एवढा पत्रा उंदराला पचत नाही.”

स्वारगेटच्या मागच्या गल्लीत मकसूदचं गॅरेज होतं आणि ही पांढरी मारुती नवी कोरी होती तेव्हापासून त्याच्याच हातची होती. त्याने कपड्याला हात पुसत बाकीची कुंडली सांगून टाकली. इंजिन पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पितंय. दुसरा गिअर टाकला की पाहुण्यासारखा जरा वेळ बसतो आणि निघून जातो. ते सगळं करता येईल, इंजिन खोलून पुन्हा बांधता येईल, गिअरबॉक्स उघडता येईल. पण पत्र्याचं काय करायचं?

“नवा पत्रा जोडा,” नंदाताई म्हणाल्या.

“कशाला जोडू? जोडायला शेजारी चांगला पत्रा लागतो. शेजारचापण असाच आहे.”

“म्हणजे भंगारात घाला म्हणताय.”

“मी कुठं म्हणतोय? गाडी तुमची, तुम्ही ठरवा. फक्त एवढंच सांगतो, इंजिन बांधायला जेवढं लागेल तेवढ्यात हेच मॉडेल दुसरं मिळतंय.”

नंदाताईंना हे हिशेब कोणी सांगितलेले आवडत नसत. सदाशिव पेठेत ‘शिंत्रे मोटर ड्रायव्हिंग स्कूल, महिलांसाठी महिला प्रशिक्षक’ अशी पाटी त्यांनी लावली तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आता शोरूमवालेच फोन करून गाडी घेता का विचारत आणि तेही नेमकं दुपारी डोळा लागल्यावर. तेव्हा शिकायला येणाऱ्या बायका डॉक्टरीणबाई नाहीतर कारखानदाराच्या सुना असत. आता हिंजवडीला जाणाऱ्या मुली येत, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेल्या, आणि पहिल्याच दिवशी ‘मॅडम, हायवेला कधी न्याल?’ विचारत. माणसं बदलली, रस्ते भरले, गाडीचं मीटर फिरून फिरून पुन्हा शून्यावर आलं, पण नंदाताईंची शिकवण्याची रीत तीच होती. नवशिकी घाबरून स्टिअरिंगला लटकली की त्या म्हणत, “हात तुझे, पाय माझे. पायांची काळजी करू नकोस, मी बसलेय ना!” त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते, सगळ्या शिकाऊ गाड्यांना असतात तसे. त्या एका वाक्यावर कितीतरी भित्र्या बायकांनी लक्ष्मी रस्ता पार केला होता.

“मकसूदभाई,” त्या आता ताठ उभ्या राहिल्या, “या गाडीने अर्ध्या पुण्याला गाडी शिकवलीय. शिकाऊ गाडी म्हणजे रोज नव्या माणसाच्या हातात. सोळा वर्षांत अंगावर एक पोचा दाखवा मला. आहे?”

“नाही. ते मात्र मानलं पाहिजे.”

“मग? अशी गाडी कोणी भंगारात घालतं? बांधा इंजिन.”

मकसूद मान हलवत पुन्हा खाली वाकला. डावीकडचे पेडल ज्या पत्र्यावर बसवले होते तोच पत्रा गेल्यामुळे त्यांचे बोल्ट लुळे पडले होते. पत्र्याचं ठरेपर्यंत ते काढूनच ठेवायला हवेत, असं म्हणून त्याने ते उतरवले आणि भोकावर एक जाड फळी टाकून दिली. ब्रेकचा पेडल हातात घेऊन तो हसला.

“हे रबर बघा. मी तीनदा बदललं, परत गुळगुळीत झालं. आणि तिकडचं, शिकणाऱ्यांचं? अजून कंपनीचंच आहे.”

“लक्ष द्यावं लागतं, भाई. डोळ्यांत तेल घालून बसते मी,” नंदाताई अभिमानाने म्हणाल्या.

“दोन दिवस गाडी घरी न्या, विचार करा. पण शिकवू नका हं, तुमच्या बाजूला आता काही नाही.”

घरी रंगरावांनी सगळं ऐकून घेतलं. वखार महामंडळातून निवृत्त झाल्यापासून ते कुठल्याही गोष्टीवर एकाच वाक्यात मत देत आणि पेपर पुन्हा उघडत.

“गंजलेल्या वस्तू एकदम टाकायला लागलो तर या घरातून पहिला मी बाहेर जाईन,” ते म्हणाले.

“म्हणजे ठेवू ना?”

“मी वस्तूंबद्दल बोललो. गाडीबद्दल तू तुझं बघ.”

नंदाताईंचं तर ठरलंच होतं. प्रश्न फक्त अपेक्षाचा होता. अपेक्षा यवतमाळची. त्यांच्याच गल्लीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची. तिने स्वतःच्या पगारावर गाडी बुक केली होती आणि दसऱ्याला वडील यवतमाळहून खास ती गाडी बघायला यायचे होते. वडिलांना शेजारी बसवून सारसबागेच्या गणपतीला न्यायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. शिकून झालंच होतं तिचं. हात स्थिर, नजर चांगली. गेल्या आठ दिवसांत तर आपण पेडलला पायही लावला नाही, अशी नंदाताईंची खात्री होती. मग एका रविवारचा सराव बुडवायचा कशाला? मकसूदचं सांगणं मिस्त्रीच्या जागी ठीक होतं, पण शिकवणारी बाई कोण होती?

रविवारी सकाळी त्या अपेक्षाला घेऊन खडकवासल्याच्या रस्त्याला लागल्या. शहरातून गाडी त्यांनी स्वतःच काढली आणि रस्ता मोकळा झाल्यावर अपेक्षाला उजवीकडे बसवलं. इंजिन मधूनमधून खोकत होतं, पण चालत होतं. अपेक्षा गाणं गुणगुणत होती आणि नंदाताई मनात मकसूदला उत्तरं देत होत्या.

“छान चाललंय. पुढे उतार आहे, वेग कमी कर. डावीकडे कणसांची गाडी आहे, तिच्या अलीकडे थांबव.”

“हो मॅडम.”

अपेक्षाने पाय ब्रेकवर ठेवला. गाडी थांबली नाही. ती उताराला लागली होती, आरामात पुढे जात होती, आणि कणसांची गाडी, शेगडी, मागे बसलेली बाई, सगळं मोठं होत चाललं होतं.

“ब्रेक, अपेक्षा!”

“दिलाय मॅडम! पाय ठेवलाय!”

“दाब!”

नंदाताईंचा उजवा पाय फळीवर इतक्या जोराने दाबला गेला की फळी करकरली. तिथे काहीच नव्हतं. पुढच्या क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी तिरकी झाली, कणसांच्या गाडीला वळसा घालून रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावर जाऊन टेकली, आणि काच फुटल्याचा आवाज आला.

कणसं भाजणारी सोजरबाई शेगडीवरचा पंखा हातात घेऊन तशीच उभी राहिली होती.

“काय वं बाई,” ती जवळ येऊन म्हणाली, “शिकायला माजीच गाडी घावली व्हय? लागलं तर न्हाय कुनाला?”

कुणाला लागलं नव्हतं. पुढचा दिवा फुटला होता आणि त्याच्या खालचा पत्रा आत गेला होता. सोजरबाईने दोघींना बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि कुणी मागितलं नसताना एक कणीस मोडून दोघींच्या हातात दिलं.

“मॅडम, ब्रेक फेल झाला ना?”

नंदाताई उठल्या, गाडीत उजव्या बाजूला बसल्या, ब्रेक दाबून पाहिला. जरा जड होता, पण शाबूत होता. त्या परत येऊन बसल्या.

“अपेक्षा, तू ब्रेक कसा देतेस? मला नीट सांग.”

“कसा म्हणजे? जसा नेहमी देते तसा. पाय ठेवते, मग तो जातो ना खाली.”

“कोण जातो?”

“ब्रेक. आपला आपणच जातो ना, मॅडम? मी फक्त पाय ठेवून राहते. मला वाटलं, सिस्टिमच तशी असते.”

सोजरबाई फिसकन हसली. नंदाताई हसल्या नाहीत. हातातलं कणीस तसंच राहिलं. आपला पाय किती वर्षं, किती पायांच्या आधी पडत आला असेल, हे त्यांना त्या बाकावर बसल्या बसल्या लख्ख दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या धंद्याची लाज वाटली. त्यांना कळतही नव्हतं, पाय आपोआप जायचा. आठ दिवस पाय लावला नाही म्हणे! पोचा कुठून पडणार होता गाडीला?

परत येताना गाडी त्यांनी स्वतः चालवली. अपेक्षा डावीकडे फळीवर पाय ठेवून बसली होती. खोलीपाशी उतरताना ती म्हणाली, “मॅडम, आता बाबांना काय सांगू?”

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि रंगरावांच्या समोर उभ्या राहिल्या.

“अहो, एक विचारते. तुम्हाला मी शिकवलं, तुम्ही परीक्षाही पास झालात. मग आजवर तुम्ही गाडी का चालवली नाहीत?”

रंगरावांनी पेपर खाली ठेवला. हे ते सहसा करत नसत.

“हडपसरच्या वखारीत असताना एकदा चालवली होती. ऑफिसची जीप.”

“मग?”

“फाटकापाशी ब्रेकवर पाय ठेवला आणि वाट बघत बसलो. तो काही खाली जाईना. मग फाटकच गेलं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू तेव्हा नवी होतीस. पाटी लावून वर्ष झालं नव्हतं. रोज संध्याकाळी येऊन सांगायचीस, आज अमकी एकटी चालवत होती, आज तमकी घाटात गेली होती. त्यात मी काय सांगणार?” त्यांनी पेपरची घडी घातली. “फाटकही तसं जुनंच होतं.”

“तेव्हाच बोलला असतात तर मी सुधारले असते हो! इतकी वर्षं…” नंदाताईंचा आवाज चढला आणि मध्येच बसला. या माणसाने आपल्याला जपलं, आणि त्याच्या त्या जपण्यात आपली सोळा वर्षं चुकीची गेली, हे दोन्ही एकदम मनात आलं. रागवावं की जवळ जाऊन बसावं, कळेना. शेवटी त्या जवळ जाऊन बसल्या आणि रागावल्याच.

“मला वाटायचं दोष माझ्यात आहे,” रंगराव म्हणाले. “सगळ्या शिकताहेत, एक मलाच येत नाही.”

संध्याकाळी त्या भाजी आणायला निघाल्या. एरवी पेठेतल्या रस्त्याने जाताना चारदोन जुन्या विद्यार्थिनी तरी भेटतच. त्या आदराने थांबत आणि नंदाताई खुशीत पुढे जात. आज त्यांनी प्रत्येकीला थांबवलं. शाळेच्या मुलांचे क्लास घेणारी श्रद्धा स्कूटरवर होती. “गाडी? आहे ना घरी, हे चालवतात. मला नाही बाई जमलं, पण लायसन आहे हं मॅडम, तुमच्या कृपेने!” दातांच्या डॉक्टरीणबाई रिक्षातून उतरत होत्या. त्यांनीही लायसन बँकेत ओळख पटवायला फार उपयोगी पडतं, असं मनापासून सांगितलं. सगळ्याच अशा नव्हत्या. एक-दोघी रोज चालवत होत्या, पण त्या नंतर भावाकडून किंवा नवऱ्याकडून पुन्हा शिकलेल्या निघाल्या. भाजीची पिशवी रिकामीच परत आली आणि रंगरावांनी काही न विचारता खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी त्या मकसूदकडे गेल्या. त्याने फुटलेला दिवा बघितला आणि पोच्यावरून अंगठा फिरवला.

“इंजिन बांधू नका,” नंदाताई म्हणाल्या.

“विचार झाला?”

“झाला. मी म्हणत होते, हिने अर्ध्या पुण्याला शिकवलं, म्हणून वाचवा. तसं नाही निघालं, मकसूदभाई. गाडी मीच चालवत होते, त्या नुसत्या उजवीकडे बसत होत्या.”

मकसूद काही तरी समजुतीचं बोलणार होता, पण नंदाताईंचा चेहरा रडवेला नव्हता. त्यांनी ठरवलेलं होतं, आणि ठरवलं की त्यांचा आवाज पुन्हा पाटीवरच्या अक्षरांसारखा ठळक होत असे.

“भंगार बाजारात द्यायची ती. पण लगेच नाही. फक्त चालू ठेवता येईल तेवढं करा, आणि माझे पेडल परत बसवा. कसेही बसवा, वेल्डिंग करा, पट्टी मारा. दसऱ्यापर्यंत टिकले पाहिजेत.”

“परत पेडल? मग फरक काय पडला?”

“ते मुलीच्या जिवासाठी. माझ्या पायांचं मी बघते.”

त्यांच्या पायांचं त्यांनी बघितलं ते असं: दुसऱ्या दिवसापासून महर्षीनगरमागच्या मोकळ्या रस्त्यावर अपेक्षा गाडीत बसली की नंदाताई सीट मागे सरकवत, चपला काढत, आणि सीटवर चक्क मांडी घालून बसत. जेवायला बसल्यासारख्या. दुखरा गुडघा ठणके. दर वेळी पाय खाली जायला धडपडे आणि दर वेळी त्या तो मांडीखाली दाबत. एक हात हँडब्रेकवर ठेवत, एवढीच सवलत त्यांनी स्वतःला दिली होती.

पहिल्या दिवशी गाडी थांबलीच नाही, नाहीतर इतक्या जोरात थांबली की दोघींची डोकी काचेकडे गेली. अपेक्षा रडली. “मॅडम, मला नाही जमणार. मी गाडी कॅन्सल करते.”

“कर. पण आधी त्या विजेच्या खांबापाशी थांबून दाखव.”

“तुम्ही फक्त थोडा पाय ठेवा ना. पहिल्यासारखा. मला भीती वाटते.”

पाय ठेवणं किती सोपं होतं! मुलगी लगेच हसली असती, ‘जमलं, मॅडम’ म्हणाली असती, आणि दसऱ्याला वडिलांना शेजारी बसवून कुठल्या तरी दगडावर गेली असती.

“भीती मलापण वाटते,” त्या म्हणाल्या. “दोघी घाबरून बसू. पण पाय तुझा.”

हळूहळू जमू लागलं. पेडल किती दाबला की गाडी किती ऐकते, हे अपेक्षाच्या पायाला कळू लागलं. मग सकाळचे रिकामे रस्ते झाले, मग रिक्षांचे रस्ते झाले. तेवढ्या दिवसांत नंदाताईंनी भेटेल त्या जुन्या विद्यार्थिनीला सांगून टाकलं: पुन्हा या, चूक माझी होती, फी नाही. काही हसल्या, काही येते म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी तर जाहीर माफी मागणारी मास्तरीण पुण्यात पहिल्यांदाच पाहिली, असं ऐकवलं. घरी रंगरावांनी नव्या गाडीची माहितीपत्रकं चाळत विचारलं, “यातही मांडीच घालणार का?”

“गुडघा परवानगी देईल तोवर.”

“मग माझी सकाळची वेळ धर. बघायला लोक कमी असतात.”

दसऱ्याच्या आधी मारुती न्यायचा दिवस आला. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातला भंगारवाला गाडी घ्यायला स्वतः यायला तयार होता, पण नंदाताईंनी त्याला नको सांगितलं. गाडी ओढून न्यायची नाही, ती आपल्या चाकांवर जाईल. सकाळी मकसूदने ऑइल भरलं, बॉनेट दाबून बंद केलं आणि टपावर दोनदा थाप मारली. नंदाताईंनी किल्ली अपेक्षाच्या हातात ठेवली.

“मॅडम, आत्ता? गर्दीत? तुम्ही चालवा ना, शेवटची फेरी आहे.”

“म्हणूनच तू चालव. हिच्यावर कोणीतरी शिकून जाऊ दे.”

त्या डावीकडे बसल्या, चपला काढल्या, मांडी घातली. हँडब्रेकवरचा हातही आज त्यांनी मुद्दाम उचलून मांडीवर घेतला. गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि शंकरशेट रस्त्याच्या गर्दीला लागली. रिक्षा दोन्हीकडून घुसत होत्या, एक स्कूटरवाला आरशाला घासून गेला आणि वर मागे वळून तोच ओरडला. अपेक्षा ओठ घट्ट मिटून चालवत होती. तिने काय करावं, हे नंदाताईंनी एकदाही सांगितलं नाही. बोलायचं नाही हे पाय न हलवण्यापेक्षाही अवघड होतं.

सेव्हन लव्हज चौकात सिग्नल लाल झाला. पुढची बस धाडकन थांबली. तिची मागची बाजू काचेत एकदम मोठी झाली आणि मांडीखाली दाबलेला नंदाताईंचा पाय ताठ झाला. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

अपेक्षाने ब्रेक दाबला. गाडी पुढे वाकली, जरा हिसकली, आणि बसच्या मागे हातभर जागा ठेवून थांबली. इंजिन खोकलं, पण बंद पडलं नाही.

अपेक्षाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि तिला काहीतरी ऐकायचं होतं.

“न्यूट्रल कर,” नंदाताई समोर बघत म्हणाल्या. “हा सिग्नल मोठा असतो.”

तिने न्यूट्रल केलं. मागच्या रिक्षावाल्याने उगाच हॉर्न वाजवला. नंदाताईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांब अशी खूण केली आणि हात परत मांडीवर घेतला. हिरवा लागल्यावर बस हलली, अपेक्षाने पहिला गिअर टाकला, आणि गाडी जुन्या बाजाराच्या दिशेने निघाली. गुडघा आता चांगलाच ठणकत होता. नंदाताईंनी मांडी मोडली नाही.